उरलं ते धाकट्याचं

उन्हाळा लागला तेव्हाच नदीत नदी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. गोटे उघडे पडले होते, मधून घोट्याएवढी धार वाहत होती, आणि वळणावरचा डोह तेवढा तुडुंब होता. मासा सगळा तिथे गोळा झाला होता. माशावर जगणारी तीन भावांची तीन घरंही मग त्या डोहाकडेच तोंड करून बसली.

डोहात दोन जाळी एकदम पडली की पाणी ढवळतं, मासा कपारीत शिरतो आणि सगळेच हात हलवत परततात. म्हणून एका दिवशी एकच जाळं, ही रीत बापाच्या वेळेपासूनची. होडीही एकच होती, तीसुद्धा बापाचीच. आधी तिघांनी पाळ्या लावून पाहिल्या. पण मासे न्यायला टेम्पोवाला यायचा दर तिसऱ्या दिवशी, आणि तो दिवस नेमका मधल्याच्या पाळीला येऊ लागला. बाकीच्या दोघांना मासे मीठ लावून वाळवायला लागत, आणि वाळलेल्याला कोण विचारतो! मग पाळ्या सरकवल्या, मग कुणाची पाळी कधी बुडाली यावरून तोंडातोंडी झाली, मधल्याच्या बायकोने भरली घागर आपटली. शेवटी थोरल्याने मोठेपणाचा आवाज काढला.

"बास. रोज सकाळी टाकून बघायचं. ज्याचं पडेल त्याचा डोह."

कौलाचा एक तुकडा फोडून त्याने दोन ठिकऱ्या केल्या, दगडावर घासून रुपयाएवढ्या गोल केल्या. होडीला लावायचं डांबर दोन्हींच्या एकेका अंगाला फासलं. एक अंग लाल, एक काळं.

"दोन्ही लाल पडल्या तर माझा दिवस," तो म्हणाला. "दोन्ही काळ्या पडल्या तर मधल्याचा."

"आणि एक लाल, एक काळी पडली तर?" धाकट्याने विचारलं.

"मग काय, उरलं ते तुझं."

धाकटा हसला. "उरलंसुरलं माझं. जन्मापासून तेच चाललंय, दादा."

मधला काही बोलला नाही. तो बोलायचाच नाही फारसा. बायको पुरेसं बोलते, असं त्याचं म्हणणं असावं.

थोरल्याला तेव्हा बरं वाटलं होतं. दोन्ही लाल म्हणजे कसं एकदिलाचं, ठसठशीत. एक लाल एक काळी म्हणजे धड ना हे, धड ना ते. ते त्याने धाकट्याला दिलं, जसं पंगतीत शेवटी खरवडून वाढावं तसं. बाप गेला तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. थोरल्यानेच त्याला पोहायला शिकवलं, जाळ्याची गाठ शिकवली. पण बापाने खांद्यावर बसवून नदी पार केली ती धाकट्यालाच घेऊन, आणि थोरला मागून छातीभर पाण्यात डोक्यावर जाळं घेऊन चालला होता. तीस वर्षं झाली तरी मान तिथेच दुखायची.

बावीस दिवस झाले. थोरल्याचे पाच दिवस पडले, मधल्याचे सहा, आणि धाकट्याचे अकरा.

डोह नसेल त्या दिवशी काय करायचं, तर उथळ धारेत वाकून दगड उलटायचे आणि खेकडे धरायचे. दुपारपर्यंत कंबर धरून यायची, बोटांना चिमटे बसून सालटी निघालेली असायची, आणि टोपलीत दोन वेळच्या कालवणापुरतंही नसायचं. तिथून डोह सरळ दिसायचा. धाकटा होडीत उभा राहून जाळं फेकायचा. ते हवेत ताटासारखं गोल उघडायचं, अगदी थोरल्याने शिकवलं होतं तसं. धाकटी, त्याची बायको, काठावरून दोर ओढायची. ओढता ओढता दोघं काहीतरी बोलून खिदळायची. काय एवढं हसण्यासारखं असतं यांचं? थोरल्याला पाण्याच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत, हसणं मात्र नीट ऐकू यायचं.

हळूहळू धाकट्याच्या घरावर नवी कौलं चढली. दाराला कडी आली. धाकटीने लाल काठाचं लुगडं घेतलं आणि ते नेसून ती माशांना मीठ लावायलासुद्धा बसली. थोरल्याने ते सगळं एकेक करून पाहिलं. बघायचं नाही म्हणून तो पाठ करून बसायचा, आणि पाठ करूनही काय चाललंय ते त्याला कळायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे धाकटा मासा पाठवायचा. आपला दिवस असला की पहिला मोठा मासा केळीच्या पानात गुंडाळून धाकटी स्वतः आणून द्यायची. "मोठ्या घरी आधी," म्हणायची.

"परत कर," थोरला बायकोला म्हणायचा.

"परत करून रात्री काय खेकड्यांच्या नांग्या चघळणार?" थोरली विचारायची, आणि तवा ठेवायची.

तो जेवायला बसायचा. मासा चांगला असायचा. चांगला आहे हे जिभेला कळायचं आणि त्याचाच राग यायचा. एकदा काटा घशात अडकला तर त्याला वाटलं, मुद्दाम काटेरी पाठवलाय.

"ठिकऱ्यांत काहीतरी आहे," तो एक दिवस म्हणाला.

"ठिकऱ्या तुम्ही केल्यात."

"म्हणून काय झालं? बदलता येतात. रोज तोच त्या गोळा करून पिशवीत टाकतो ना? एखादी दोन्ही अंगांनी काळी करून मिसळली असेल. दोन्ही लाल माझ्या येतातच कशा कमी?"

थोरली जाळ्याचं भोक शिवत होती. तिने दाताने दोरा तोडला. "मग दुसऱ्या करा."

त्याने दुसऱ्या केल्या. रोज टाकायच्या पण त्याने स्वतः, हेही ठरवून घेतलं. धाकटा म्हणाला, "टाक की, दादा. हात तुझा काय नि माझा काय." चार दिवसांत तीन वेळा पुन्हा एक लाल, एक काळी.

मग थोरल्याने सुरी घेऊन एका ठिकरीच्या कडेला बारीक खाच पाडली. नखाला लागेल, पण डोळ्याला चटकन दिसणार नाही अशी. ठिकरी बदलली तर खाच नाहीशी होणार, आणि मग धाकट्याचं मनगट धरून सगळ्यांसमोर दाखवायचं. तेवढ्यावरही त्याचं भागलं नाही. दोन ठिकऱ्यांतली फितूर कोणती, हेसुद्धा त्याला पकडायचं होतं. दारामागच्या खुंटीला त्याने सुतळीचे चार तुकडे बांधले. दोन्ही लाल पडल्या की पहिल्या सुतळीला गाठ. दोन्ही काळ्या पडल्या की दुसऱ्या. खाचेची लाल आणि कोरी काळी पडली तर तिसऱ्या सुतळीला. खाचेची काळी आणि कोरी लाल पडली तर चौथ्या. रोज डोहावरून परत आला की आधी गाठ मारायचा, मग पाय धुवायचा.

"हे काय?" थोरलीने विचारलं.

"जाळ्याला बुचं बांधायला."

"चार सुतळ्यांवर?"

तो बाहेर निघून गेला.

गाठी मारायला लागल्याच्या बत्तिसाव्या दिवशी टेम्पोवाला लवकर आला होता. तो बर्फाच्या पेटीवर बसून विडी ओढत होता. तिघे भाऊ काठावर उभे होते. आदला दिवस धाकट्याचा होता, त्याच्या आधीचाही त्याचाच. थोरल्याने ठिकऱ्या टाकल्या. एक लाल, एक काळी.

"घ्या!" टेम्पोवाला हसला. "अहो, याला नशिबाने दत्तक घेतलंय की काय?"

त्या हसण्याने थोरल्याच्या कानशिलात कळ गेली. धाकटा ठिकऱ्या उचलायला वाकला, तसं थोरल्याने त्याचं मनगट पकडलं.

"मूठ उघड."

"काय?"

"उघड म्हणतो ना! सगळ्यांसमोर."

धाकट्याने मूठ उघडली. तळहातावर दोन ठिकऱ्या आणि दोरीने पडलेला जुना घट्टा. दुसरं काही नव्हतं. थोरल्याने ठिकऱ्या हिसकून घेतल्या, नख कडेवरून फिरवलं. खाच होती, जागच्या जागी.

धाकट्याने त्याचं नख पाहिलं. "दे इकडे," म्हणून त्याने ठिकरी घेतली आणि स्वतःचं नख फिरवलं. "ही खाच कुणी पाडली?"

टेम्पोवाल्याने विडी विझवली.

"मी," थोरला म्हणाला.

"कशाला?"

"तू बदलतोस का ते बघायला."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेल्यावर तो अगदी बापासारखा दिसला. मग त्याने होडीचा दोर थोरल्याच्या पायाशी टाकला.

"आजचा डोह तूच घे. आम्ही उद्या वीटभट्टीवर जातो. तिथे माती मोजतात, माणसाची मूठ तपासत नाहीत."

तो निघाला. मागे धाकटी होती, हातात रिकामी टोपली. जाताना तिने थोरल्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

थोरल्याने जाळं टाकलं. कधी नव्हे एवढा मासा लागला. टेम्पोवाल्याने न बोलता पेट्या भरल्या आणि रोजच्यासारखी घासाघीसही केली नाही.

दुपारी तो चारही सुतळ्या काढून थोरलीसमोर बसला. "तू बघ. गाठी मारल्या त्या बत्तीस दिवसांत त्याचे सतरा. माझे सात. असं कसं होईल? काहीतरी आहे, मला पकडता येत नाही एवढंच."

थोरलीने हात पुसले. एक सुतळी उचलली. "ही कोणाची?"

"माझी. दोन्ही लाल."

"सात गाठी. ही?"

"मधल्याची. दोन्ही काळ्या."

"आठ. आणि या दोन?"

"त्याच्याच. एक खाचेची लाल, कोरी काळी. दुसरीत खाचेची काळी, कोरी लाल."

तिने मोजल्या. आठ आणि नऊ. मग चारही सुतळ्या मांडीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि तळहाताने सारख्या केल्या.

"या तर चारही सारख्याच भरतात," ती म्हणाली. "उन्नीस-बीस सोडा. कोणतीच कुणाला फितूर नाही."

"मग?"

"मग काय? सुतळ्या चार. तुम्हाला एक, मधल्या भावजींना एक, धाकट्या भावजींना दोन. असं वाटून कुणी दिलं?"

"पण पडतं ते तीनच तऱ्हांनी! दोन्ही लाल, दोन्ही काळ्या, नाहीतर एकेक."

"अहो, पायातल्या दोन चपला भिरकवा. डावी उलटी पडली काय नि उजवी उलटी पडली काय, तुमच्या डोळ्यांना एकच दिसतं. पण डावी ती डावी आणि उजवी ती उजवी. दोन्ही सुलट पडायला वाट एकच. दोन्ही उलट पडायला एकच. एक सुलट एक उलट पडायला दोन वाटा." तिने शेवटच्या दोन सुतळ्या उचलून त्याच्या हातात दिल्या. "खाच पाडलीत म्हणून तर दिसलं. नाहीतर जन्मभर तीनच वाटा दिसल्या असत्या."

थोरल्याने त्या दोन सुतळ्या धरल्या. उरलं ते तुझं, असं तोच म्हणाला होता. आपल्या तोंडाने, मोठेपणाच्या आवाजात, पंगतीतली खरवड समजून त्याने धाकट्याच्या पानात दोन वाटे घातले होते. आणि मग त्या पानाकडे बघत जवळजवळ दोन महिने जळत बसला होता.

"जा आणि सांगा त्यांना," थोरली म्हणाली. "अजून गाठोडं बांधलं नसेल."

तो गेला. मनात वाक्य धरूनच गेला. चूक माझी, तू खरा. धाकट्याच्या अंगणात भांडी काढून ठेवली होती. धाकटी नवी चटई गुंडाळत होती. चटई चांगली जाड विणीची होती. वर नवी कौलं, दाराला कडी. थोरल्याने ते पाहिलं आणि मनातलं वाक्य मागे पडलं. हे सगळं माझ्या डाव्या हाताने सांडलेल्या वाट्यातून आलंय, असं त्याला वाटलं. सांगितलं तर तो हसेल. दादाने हिशोब चुकवून मला जेवू घातलं, असं सगळीकडे सांगत फिरेल.

"चुकलं माझं," थोरला म्हणाला. "मूठ उघडायला लावली ते चुकलं."

धाकटा उंबऱ्यावर बसला होता. त्याने मान खाली घातली.

"जाऊ नकोस. एक कर. आपण आपापली पडणी बदलू. दोन्ही लाल तू घे, मानाची आहे. एक लाल एक काळी मला राहू दे. म्हणजे माझ्या मनातलाही संशय जाईल."

बोलताना त्याचा आवाज जराही कापला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

धाकट्याचे डोळे भरून आले. "एवढंच ना, दादा? घे की. तुझ्या मनातली अढी जात असेल तर काय वाटेल ते घे." त्याने उठून थोरल्याचे पाय धरले. धाकटीने चटई परत अंथरली.

घरी थोरलीने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

पण दुसऱ्या दिवशी कुणाचं काय ठरलंय हे मधल्याच्या बायकोकडून तिला कळलं. तिने नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. रात्री ताट वाढलं आणि ती पाठ करून बसली.

पुढच्या सोळा दिवसांत थोरल्याचे आठ दिवस पडले. मधल्याचे पाच, धाकट्याचे तीन. टेम्पोवाला आता थोरल्याला बघून म्हणायचा, "नशीब घर बदलून आलं म्हणायचं!" थोरला हसायचा. हात जाळ्याने सोलवटून निघत होते, टोपल्या भरत होत्या, थोरलीसाठी त्याने पत्र्याची नवी पेटी आणली. तिने ती उघडून पाहिली नाही.

आणि धाकटा? तो आता उथळ धारेत दगड उलटत असायचा. दुखणारी कंबर, बोटांना चिमटे, सगळं तेच. पण धाकटीही त्याच्यासोबत पाण्यात असायची, आणि खेकडा निसटला की दोघं खिदळायची. थोरला होडीत उभा राहून ते ऐकायचा. जाळ्यात मासा तडफडत असायचा आणि त्याचं लक्ष तिकडे. डोह त्याच्याकडे आला होता, हसणं तिथेच राहिलं होतं.

"बघ, दादा," एकदा धाकटा काठावरून ओरडला, "मी म्हणत नव्हतो, दिवस फिरतात! आता तुझे आलेत." त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता. त्याने खाल्लं तेव्हा नशीब समजून खाल्लं होतं, आणि आता उपाशी होता तोही नशीब समजूनच. थोरल्याला या दोन्हींतलं काही जमत नव्हतं. कुणाचे वाटे किती, हे ठिकऱ्या टाकायच्या आधीपासून तो जाणून होता.

सोळाव्या दिवशी दोन्ही लाल पडल्या. धाकट्याचा दिवस. दहा दिवसांनी त्याला डोह मिळाला होता. संध्याकाळी धाकटी दारात उभी राहिली, हातात केळीचं पान. आत हातभर लांबीचा मासा होता.

"मोठ्या घरी आधी," ती म्हणाली.

थोरलीने पान घेतलं आणि आत येऊन नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवलं. तवा चुलीवर ठेवला नाही. "तुम्हीच काय ते करा याचं," ती म्हणाली.

सकाळी तिघे काठावर आले. थोरल्याच्या हातात ठिकऱ्या आणि चार सुतळ्या होत्या. त्याने सुतळ्या वाळूवर मांडल्या आणि खाच पाडल्यापासूनच्या गाठींसकट सगळं सांगितलं. खाचेची, कोरी, लाल, काळी. चार वाटा, आणि तीन भाऊ. आजपासून दोन्ही लाल धाकट्याच्या, दोन्ही काळ्या मधल्याच्या. खाचेची लाल आणि कोरी काळी पडली तर आपली स्वतःची. खाचेची काळी आणि कोरी लाल पडली तर ती कुणाचीच नाही, पुन्हा टाकायचं.

धाकटा ऐकता ऐकता हसायला लागला. "म्हणजे मी एवढे दिवस दोन ताटांवर जेवत होतो? आणि तूच वाढलंस?" तो पोट धरून हसला. मग त्याचं लक्ष सुतळ्यांच्या गाठींकडे गेलं. त्याने बोट ठेवून त्या मोजल्या. हसणं अर्ध्यावर थांबलं.

"या बत्तीसच आहेत. गेल्या सोळा दिवसांतली एकही नाही."

"हो."

"म्हणजे माझी मूठ उघडलीस त्या दिवसापर्यंतच्या. अंगणात आलास तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो," तो म्हणाला.

"मी तुझे पाय धरले, दादा."

मधला खाकरला. "तुम्हा दोघांचं चालू द्या," तो म्हणाला. "पण मला तेव्हाही चारातला एकच होता आणि नंतरही एकच. मला कुणी विचारलंत?" एवढं लांब तो वर्षभरात बोलला नसेल. त्याने वाकून ठिकऱ्या उचलल्या. "आज मी टाकतो."

त्याने टाकल्या. खाचेची काळी, कोरी लाल.

"कुणाचीच नाही," मधला म्हणाला आणि पुन्हा टाकल्या.

दोन्ही लाल.

धाकटा थोरल्याकडे न बघता होडीकडे वळला. थोरल्याचा तो जुना जळफळाट पुन्हा उठला, अगदी होता तसाच, पहिल्या दिवसाएवढा ताजा. ठिकऱ्या चोख होत्या, वाटा चोख होत्या, टाकणारा हातही आपला किंवा त्याचा नव्हता. आता दोष द्यायला त्याच्याजवळ कुणी उरलं नव्हतं. त्याने होडीचा दोर सोडला, नीट गुंडाळला, आणि धाकट्याच्या हाती दिला. धाकट्याने तो घेतला. मग थोरला टोपली घेऊन उथळ धारेत उतरला आणि वाकून पहिला दगड उलटला.